ना-हरकत मागणारा गद्दार कसा?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एखादा क्रिकेटपटू आपल्या राज्याची संघटना सोडून दुसऱ्या राज्याकडून खेळणार, अशी बातमी आली की इंदुरात दोनच मते ऐकू येतात. कोणी म्हणतो पैशामागे पळाला, कोणी म्हणतो शहाणा निघाला. तो का गेला, याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. क्लब क्रिकेटमध्ये मुलांना शिकवणारे आम्ही काही जण तो मांडू पाहतो.

राज्या-राज्यांच्या रणजी स्पर्धेच्या एलिट, म्हणजे वरच्या, गटात साखळीचे ७ सामने, प्रत्येक ४ दिवसांचा. म्हणजे २८ दिवस. २०२१ साली ठरलेल्या दरांप्रमाणे २० सामन्यांपर्यंतच्या खेळाडूला दिवसाला ४० हजार रुपये, २१ ते ४० सामने झालेल्याला ५० हजार, त्यापुढे ६० हजार. राखीव खेळाडूला निम्मे. नवा मुलगा सगळे सामने खेळला तर साखळीचे ११ लाख २० हजार होतात. संपूर्ण मोसम बाकावर बसला तर ५ लाख ६० हजार. बाहेरून एवढेच दिसते. पण बाकावरचा सामना त्याच्या खात्यावर चढत नाही, त्यामुळे तीन मोसम संघाबरोबर हिंडूनही तो ४० हजारांच्याच पायरीवर राहतो. त्यातच २३ वर्षांखालील स्पर्धेचे वय उलटले की त्याला मोठे सामनेच उरत नाहीत. नेटमध्ये कितीही घाम गाळा, आयपीएलचे निवडकर्ते धावफलक पाहतात. अशा मुलाने दुसऱ्या राज्याकडून खेळता यावे म्हणून आपल्या संघटनेकडे ना-हरकत प्रमाणपत्र मागितले तर ती निष्ठेची कमतरता म्हणायची की वयाचा हिशेब?

आणि आपण इंदूरकरांनी तर या विषयावर जरा जपूनच बोलावे. इंदूर संस्थानच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्याचा अभिमान आपण आजही मिरवतो. तो संघ कुठला होता? कर्नल सी. के. नायडू नागपूरचे. चंदू सरवटे सागरचे. पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा काढणारे भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. ते बडोद्याकडून खेळले, महाराष्ट्राकडून खेळले, होळकरांकडून खेळले आणि पुढे रेल्वे-राजस्थानकडूनही. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा करणारा डेनिस कॉम्प्टन तर इंग्रज सैन्यातला, महूच्या छावणीत आलेला. मुश्ताक अली तेवढे अस्सल इंदूरचे. होळकर महाराजांनी खेळाडूंना आश्रय दिला, लष्करात हुद्दे दिले, म्हणून ती माणसे इथे टिकली. त्यांना कोणी भाडोत्री म्हटले नाही.

नंतरचेही पाहा. चंद्रकांत पंडित मुंबईचे. १९९८-९९ चा अंतिम सामना ते मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून बंगळुरूत कर्नाटककडून हरले, आणि जून २०२२ मध्ये त्याच मैदानावर प्रशिक्षक म्हणून त्यांनी मध्य प्रदेशला पहिला करंडक मिळवून दिला, तोही मुंबईला हरवून. मुंबईने त्यांना गद्दार म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

मग आक्षेप कुठे घ्यायचा? आमच्या मते जागेच्या प्रश्नावर. एका राज्याच्या संघात बाहेरचे व्यावसायिक खेळाडू जास्तीत जास्त तीन असू शकतात. जिथे संघ दुबळा आहे तिथे ते आणावेत. विदर्भाने वसीम जाफर आणि गणेश सतीश आणले ते फलंदाजीला कणा हवा म्हणून. गोलंदाजीचा भार मुख्यतः घरच्यांवरच ठेवला. २०१७-१८ चा अंतिम सामना आपल्याच होळकर स्टेडियमवर झाला, तिथे दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली ती विदर्भाच्या रजनीश गुरबानीने. राजस्थाननेही पुण्याच्या हृषीकेश कानिटकरकडे नेतृत्व देऊन लागोपाठ दोन करंडक घेतले, पहिला वडोदऱ्यात बडोद्याविरुद्ध. फसते कुठे, तर घरचे दोन सलामीवीर तयार असताना नावाला भुलून तिसरा आणला जातो तिथे. मोसम संपला की पाहुणा निघून जातो, आणि घरच्या दोघांपैकी एकाने तोवर ना-हरकतचा अर्ज लिहिलेला असतो.

निष्ठेचा जाब आपण फक्त खेळाडूला विचारतो, हे तर फारच खटकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पांड्याच्या गुजरातहून मुंबईला जाण्याचा व्यवहार आयपीएलच्या दोन फ्रँचायझींनी मिळून केला. पुढच्या मोसमात हुर्यो मात्र एकट्या खेळाडूची उडाली. आपल्या रजत पाटीदारला बंगळुरूच्या आयपीएल संघाने सोडले, २०२२ च्या लिलावात त्याला कोणीच घेतले नाही, मग एका जखमी खेळाडूच्या जागी त्याच बंगळुरूने त्याला २० लाखांत बोलावले. त्याने बाद फेरीत नाबाद ११२ धावा केल्या, महिन्याभरात रणजीच्या अंतिम सामन्यात १२२. २०२५ मध्ये बंगळुरूने पहिले विजेतेपद मिळवले ते त्याच्याच नेतृत्वाखाली. यात निष्ठा आधी कोणी मोडली होती?

ज्याला खरेच जायचे आहे त्याच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. नव्या संघटनेचा होकार आधी लेखी घ्यावा. फोनवरच्या "या, बघू" वर इथला अर्ज टाकू नये, कारण ना-हरकत मिळते आणि तिकडची नोंदणी राहून जाते, असे झाले की मोसम दोन्हीकडून बुडतो. तिकडे तीन जागांपैकी किती भरल्या आहेत ते विचारावे. अर्ज मोसम संपताच करावा, संघ जाहीर होण्याच्या तोंडावर नव्हे. किट, आगाऊ घेतलेली रक्कम, क्लबची वर्गणी यांचा हिशेब चुकता करून पोच घ्यावी. क्षुल्लक बाकीपायी कागद अडकतात. संघटनेनेही अर्जावर पंधरा दिवसांत उत्तर द्यावे, आणि सलग दोन मोसम बाकावर ठेवलेल्या खेळाडूला त्याचे कारण लेखी कळवावे. आमची ही मागणी फार मोठी नाही.

नोकरीतही हेच चालते. पुण्याला निघालेल्या मुलाला घरचे टोमणे मारतात, आणि इथली कंपनी बाँड पुढे करते. भारतीय करार कायद्याचे कलम २७ धंद्या-नोकरीला मज्जाव करणारा करार रद्दबातल ठरवते. मात्र नोकरीत असतानाची किमान मुदत आणि ती मोडल्यास वाजवी भरपाई हा मज्जाव नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका बँकेच्या २ लाखांच्या बाँडबाबत सांगितले. तेव्हा सही करण्याआधी रक्कम आणि मुदत वाचा, मूळ प्रमाणपत्रे कोणाकडे ठेवू नका. एवढे पुरे, मूळ मुद्दा मैदानाचा आहे.

मुलगा गेला की खरे नुकसान होते ते त्याला घडवणाऱ्या क्लबचे. फुटबॉलने यावर तोडगा काढला आहे. फिफाच्या नियमाप्रमाणे करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला तर हस्तांतराच्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात शिकवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ च्या प्रत्येक वर्षाला रकमेच्या पाव टक्का, १६ ते २३ च्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. म्हणजे १ कोटीच्या व्यवहारात, ज्या क्लबने मुलाला बाराव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत घडवले त्याच्या वाट्याला अडीच लाख येतात. तेवढ्यात मॅटिंग, रोलरची दुरुस्ती आणि वर्षभराचे चेंडू सहज निघतात. इंदूरच्या चिमणबागेसारख्या मैदानांवर खपणाऱ्या क्लबांना आयपीएलच्या कोट्यवधींतला असा हक्काचा वाटा नाही. तो मिळावा, म्हणून राज्य संघटनेने क्रिकेट मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा.

क्लबांनी त्याची वाट न पाहता एक करावे. प्रत्येक मुलाच्या नावाचे एक पान ठेवावे: जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, दर मोसमाची हजेरी, खेळलेले सामने, प्रशिक्षकाची आणि पालकांची सही. उद्या वाटा मागायची वेळ आली तर पुरावा म्हणून हेच पान लागेल, आणि आज बहुतेक क्लबांकडे वर्गणीच्या पावत्यांखेरीज काही नाही.

आपले,
क्लब क्रिकेटमधील काही प्रशिक्षक,
इंदूर