मारुती कांबळेचं काय झालं?

ती. आई-बाबांना सा. न.

काल रात्री 'सामना' सिनेमा एका बैठकीत पाहिला. बाबा, हसू नका. लहानपणी टीव्हीवर लागला की मी 'सख्या रे' गाणं झालं की झोपायचे, हे मला आठवतंय.

इतकी वर्षं माझ्या डोक्यात तो निळूभाऊ फुल्यांचा सिनेमा होता. हिंदुराव धोंडे पाटील, साखर कारखाना, तो आवाज. माझ्या वयाच्या लोकांनी 'सिंहासन' तरी पाहिलेला असतो. 'सामना'तलं फक्त 'मारुती कांबळेचं काय झालं?' हे वाक्य माहीत, तेही विनोदात. जब्बार पटेलांचा हा पहिलाच सिनेमा, 1975 साली बर्लिन चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता, हे तर मलाही आत्ता कळलं.

या वेळी नजर श्रीराम लागूंच्या मास्तरावर खिळली. तो प्रश्न विचारतो खरा, पण कुणाच्या घरी बसून? हिंदुरावाच्याच. दारूही त्याचीच. सिनेमा लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनी न्याय मागायला कुणी धुतल्या तांदळासारखा माणूस धाडला नाही. स्वातंत्र्यलढ्यातून आलेला, आता दारूत बुडालेला माणूस धाडला. आणि हिंदुराव तरी नुसता खलनायक कुठे आहे? त्याच्या जिवावर किती चुली पेटतात. म्हणून तर गाव गप्प. मारुती कांबळे या गायब झालेल्या माजी सैनिकासाठी आपली चूल कोण विझवणार?

आई, इथे तू आठवलीस. बाबांनी ऑफिसात त्या बिलांबद्दल तिसऱ्यांदा विचारलं आणि बदली ओढवून घेतली, तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "तुम्हीच का?" मी नववीत होते, मला तुझंच पटलं. जुनी शाळा सोडावी लागली म्हणून बाबांशी किती दिवस धड बोलले नाही! तू चुकलीस असं आजही म्हणवत नाही. विचारलं बाबांनी, पण नवं भाड्याचं घर, आजीचं औषधपाणी, माझी चिडचिड, सगळं तू निस्तरलंस. काल आरती प्रभूंचं 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे' सुरू झालं आणि मी सिनेमा थांबवून चहा करायला उठले. चहा काही प्यायले नाही.

बाबा, एक मात्र मी तुम्हाला कधीच विचारलं नाही. त्या बिलांचं पुढे काय झालं?

रविवारी फोन करते. आई, तू आतून हाका मारू नकोस, फोनजवळ येऊन बस.

तुमची,
बेबी