साठ हजार पौंडांचा राइट बॅक आणि आमच्या पेठेतली पोरं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल मॅचची बातमी येते तेव्हा अर्धी बातमी सपोर्टर लोकांच्या हुल्लडीवर असते, मग बंदोबस्त, आणि गोल कुणी मारला ते शेवटी नुसत्या आडनावानं. आता एका टीममध्ये तीन-तीन पाटील असतात, आम्ही कुठला धरायचा?

हे आज लिहायचं कारण सीमस कोलमन. आयर्लंडचा कॅप्टन होता, इंग्लंडमधल्या एव्हर्टन क्लबचा राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचाव सांभाळणारा. मेस्सी-रोनाल्डोचे कटआउट आपल्याकडं चौकाचौकात लागतात पण ह्याचं नाव कोण घेत नाही आणि खरं तर कोल्हापूरनं घ्यावं असं करिअर ह्याचंच आहे. गडी किलीबेग्जचा, म्हणजे आयर्लंडच्या डोनेगलमधलं मासेमारीचं बंदर. लहानपणी गेलिक फुटबॉल खेळायचा, त्यात बॉल हातानंपण खेळतात आणि टीम पंधराची, पैसे काही मिळत नाहीत, आपल्या गावाच्या क्लबसाठी जीव तोडून खेळायचं. म्हणजे आपल्या पेठेतल्या तालमीची टीमच की ओ! तिथनं २००६ ला तो स्लायगो रोव्हर्सला गेला, हा आयरिश लीगमधला छोट्या शहराचा क्लब, आणि जानेवारी २००९ मध्ये एव्हर्टननं त्याला ६०,००० पौंडांना घेतलं. तेव्हाच्या भावानं चाळीस-बेचाळीस लाख धरा. प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगच्या हिशेबात ही रक्कम म्हणजे चिल्लर, एव्हर्टनच्या पब्लिकनं त्या साठ हजारांवर गाणंसुद्धा केलं.

बरं लगेच काय स्टार झाला असंही नाही. पहिलीच मॅच पोर्तुगालच्या बेनफिकाबरोबर, पाच गोल खाऊन हरले, मग २०१० ला लोनवर, म्हणजे थोड्या दिवसांसाठी उसना, खालच्या लीगमधल्या ब्लॅकपूलला पाठवला, तिथं टीम प्लेऑफ, म्हणजे वर जायच्या शेवटच्या जागेसाठीच्या मॅच, जिंकून प्रीमियर लीगमध्ये गेली, हा परत आला आणि मग जागा सोडलीच नाही. २०१३-१४ ला लीगमधल्या खेळाडूंनीच निवडलेल्या वर्षाच्या टीममध्ये होता. मार्च २०१७ ला डब्लिनमध्ये वेल्सविरुद्ध टॅकल असा बसला की उजव्या पायाची दोन्ही हाडं मोडली, वय २८, लोक म्हणाले संपला. जानेवारी २०१८ ला लेस्टरविरुद्ध परत मैदानात! पुढं एव्हर्टनचा कॅप्टन झाला, क्लबकडून ४००च्या वर मॅच खेळला.

आता माझा मुद्दा. असा गडी आपल्याकडं नाही असं मला वाटत नाही, गर्दी तर आपल्या स्टेडियमला कधीच कमी नसते. अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप भारताकडून खेळला, पण तो घडला पुण्यात जाऊन. पेठेत राहिलेल्या पोराचं काय? स्लायगो केवढंसं गाव, पण तिथं पोरगं किती मॅच खेळलं, कुठल्या जागेवर खेळलं ते कागदावर राहतं, बाहेरच्या माणसाला बघता येतं. आमच्या पोरानं दहा सीझन काढले तरी त्याचा हिशेब कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात, आणि त्यांच्यातपण एकमत नाही. त्यात कोलमन बॅक होता हे बघा. आपल्या बातमीत फक्त गोल मारणाऱ्याचं नाव येतं, मग तो इथं असता तर पेपरात आलाच नसता की, फार तर यलो कार्ड मिळाल्यावर!

फेडरेशनला, नेत्यांना सांगून झालंय सगळ्यांचं, ते राहू दे. मी आपल्यालाच मागतोय कारण हे आपल्या हातात आहे. मॅचच्या बातमीखाली दोन्ही टीमचे अकरा-अकरा खेळाडू छापा, पूर्ण नाव, वय, पोझिशन, बदली कुणाची कितव्या मिनिटाला, बास. सीझन संपला की एका रविवारी सगळ्याची बेरीज छापा. वार्ताहराला वेळ नसेल तर मॅच संपल्या संपल्या टीमशीटचा फोटो प्रत्येक मंडळाचं एखादं पोरगं पाठवेल, त्याची व्यवस्था आम्ही लावतो, व्हॉट्सॲप नंबर तेवढा पेपरात द्या.

आपला,
एक फुटबॉलवेडा वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर