गुलमोहराचा शेंडा छाटू नका

महोदय,
घरालगतचे गुलमोहर पावसाळ्यापूर्वी काढून टाकावेत, निदान वरून छाटावेत, असा सल्ला देणारा लेख आपल्या अंकात वाचला. भीती खोटी नाही. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ, त्यामुळे वादळात फांद्या मोडतात. पण सुचवलेला उपाय पटत नाही.

शेंडा उडवला की त्या कापावरून धुमाऱ्यांचा झुपका फुटतो. या फांद्या वरवर चिकटलेल्या असतात आणि खालचे खोड कुजू लागते. दोन-तीन वर्षांनी झाड पूर्वीपेक्षा धोकादायक होते. आमच्या दारचा गुलमोहर असाच एकदा ‘बोडका’ केला होता. पुढे त्याच फांद्या पत्र्यावर आल्या. त्याऐवजी वाळलेल्या आणि छपरावर झुकलेल्या फांद्या खोडाला जिथे जुळतात तिथल्या फुगीर कंगोऱ्यापाशी, खुंट न ठेवता कापाव्यात आणि माथा विरळ करावा.

झाड तोडण्याचीही घाई नको. तापीकाठची आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. मोठे झाड मातीतले पाणी ओढत असते. ते अचानक गेले तर जमीन फुगून पायाला तडे जाऊ शकतात. शिवाय महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरात झाड तोडायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. लेखात तिचा उल्लेखही नाही! आणि जळगावचे मे महिन्यातले ४५ अंश त्या सावलीवाचून कसे काढायचे, हेही लेखकाने सांगायला हवे होते.

– एक वाचक, जळगाव