लिस्बन, तुमच्या चालीने

लिस्बन,
रविवार, रात्री

ती. बाबा आणि ती. आई,
सा. नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "आता आमच्याच्यानं कुठं होतंय गं हिंडणं! तू बघ सगळं, फोटो पाठव, आम्ही इथूनच बघू." बाबा मागून काहीच बोलले नाहीत. बाबा गप्प बसतात तेव्हा त्यांना यायचं असतं, हे मला शाळेपासून माहीत आहे. म्हणून हे पत्र लिहितेय. फोनवर तुम्ही दोघं "पैसे उगाच खर्च करू नकोस" म्हणून विषयच मिटवून टाकता.

गेले चार रविवार मी हे शहर तुमच्या पायांनी फिरले. तीन वर्षं इथे राहतेय, पण आजवर कुठला चढ कुठे सुरू होतो, बसायला बाक कुठे आहे, सावली किती वाजेपर्यंत असते हे बघितलं नव्हतं. आता सगळं वहीत लिहून ठेवलंय. आईचा उजवा गुडघा आणि बाबांची बायपास, दोन्ही धरून.

लिस्बन टेकड्यांवर वसलंय हे आईला कुणीतरी सांगितलंय. ते खरं आहे. पण मधोमध एक भाग ताटासारखा सपाट आहे. त्याला बायशा म्हणतात, म्हणजे खालची पेठ. आपण तिथूनच सुरुवात करायची. आणि बाबा, तो भाग तुमच्यासाठीच ठेवलाय असं मला दर वेळी वाटतं.

१ नोव्हेंबर १७५५. त्यांचा सर्व संतांचा सण होता, सकाळची वेळ, चर्चेस माणसांनी भरलेली, जिकडेतिकडे मेणबत्त्या लावलेल्या. भूकंप झाला. वाचलेली माणसं मोकळ्या जागेत म्हणून नदीकाठी धावली, तर समुद्राचं पाणी नदीतून चढून आलं. मग आगी लागल्या, त्या कित्येक दिवस विझल्या नाहीत. राजवाडा नदीकाठीच होता, तो आतल्या पुस्तकांसकट गेला. राजा पहिला जोझे वाचला, पण त्यानं दगडी छपराखाली झोपण्याची इतकी धास्ती घेतली की पुढे मरेपर्यंत, १७७७ पर्यंत, तो आजुदाच्या टेकडीवर लाकडी वाड्यातच राहिला. हे वाचलं तेव्हा मला किल्लारीची माणसं आठवली. थंडी पडली तरी घरात निजायला तयार नव्हती, असं तुम्ही सांगायचात. आपण तेव्हा लातूरला होतो, मी दुसरीत. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या रात्री गणपती बोळवलेले. तुम्ही पहाटे जीपमधून गेलात ते किती दिवसांनी परत आलात, आणि आल्यावर आईला एकच वाक्य बोललात: "भिंतींनी माणसं मारली, लाकडानं नाही."

ते वाक्य इथे रस्त्यारस्त्यावर उभं आहे, बाबा.

शहर पुन्हा बांधायचं काम मंत्री पोंबाल यानं हातात घेतलं आणि आराखड्याची जबाबदारी दिली राज्याचा मुख्य इंजिनियर मानुएल दा माया याच्यावर. त्या वेळी त्याचं वय होतं ७८. तुमच्याहून मोठा! राज्याचं जुनं दफ्तरही त्याच्याच ताब्यात होतं, तेही त्यानं ढिगाऱ्यातून वाचवलं. जुनं शहर होतं तसंच उभारायचं, रस्ते रुंद करायचे, की ही जागा सोडून दुसरीकडेच जायचं, असे सगळे पर्याय त्यानं लिहून सरकारपुढे ठेवले. ठरलं ते असं की जागा तीच, पण रस्ते सरळ, रुंद, एकमेकांना काटकोनात. एउजेनिओ दुश सांतुश आणि कार्लोस मार्देल या दोघांनी पुढचं काम केलं.

या इमारती बाहेरून अगदी साध्या दिसतात. खिडक्या सारख्या, मजले सारखे. खरी गंमत भिंतीच्या आत आहे. त्याला इथे 'गायोला' म्हणतात, म्हणजे पिंजरा. आधी लाकडाचा सांगाडा उभा करायचा, उभे खांब, आडव्या पट्ट्या आणि प्रत्येक चौकटीत फुलीसारखे तिरपे वासे, मग मधल्या पोकळ्या दगड-चुन्यानं भरायच्या आणि वर गिलावा. जमीन हलली की लाकूड हलकेच लवतं, चुना-दगड गळून पडेल, पण सांगाडा माणसांवर कोसळत नाही. नमुना म्हणून एक सांगाडा बांधून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं, म्हणजे जमीन हादरवून बघितलं, असं इथे सांगतात. मला लगेच तुम्ही काढलेली ती आकृती आठवली, माझ्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावरची: किल्लारीतलं माळवद, त्याखालचे खण, दगडमातीची जाड भिंत पडलेली आणि लाकडी खांब तसेच उभे. तुम्ही म्हणाला होतात, त्या खांबांना तिरपा आधार असता आणि भिंती हलक्या असत्या तर! इथे तो तिरपा आधार मी हातानं चाचपून आले. एका जुन्या इमारतीचं दुरुस्तीचं काम चालू होतं, गिलावा खरवडलेला, आणि आत ती फुली. काळपट लाकूड, सांध्यात खाच पाडून एकमेकांत बसवलेलं. मिस्त्रीनं मला आत डोकावू दिलं. मी त्याला मोडक्या पोर्तुगीजमध्ये सांगितलं की माझे वडील इंजिनियर आहेत, ते येणार आहेत. तो म्हणाला, लवकर बोलवा, पुढच्या महिन्यात झाकून टाकू. ही जागा तुम्हाला नाही बघायला मिळणार, त्याची मला चुटपुट आहे. पण तिथल्या लाकडाचे फोटो काढलेत, पट्टी शेजारी धरून.

तेव्हाच्या सरकारनं गावोगावच्या पाद्रींना प्रश्नावलीही पाठवली होती. धक्का किती वेळ टिकला, नंतर किती धक्के बसले, समुद्र आधी ओसरला की आधी चढला. तुमच्या पंचनाम्यांचीच पणजी म्हणायची.

याच पेठेत सोनारांचा रस्ता, चांदीवाल्यांचा रस्ता, चांभारांचा, कापडवाल्यांचा असे रस्ते नावानिशी वेगळे काढलेत, आपल्याकडे तांबट आळी, कासार आळी असते तसे. रुआ दुश कुर्रेइरुश नावाच्या रस्त्यावर एका बँकेच्या इमारतीखाली तळघरात उतरता येतं. तिथे दोन गोष्टी आहेत, तुम्हा दोघांना एकेक. बाबांसाठी, इमारतीच्या पायाखाली ठोकलेले पाइनचे सोट. ही सगळी जमीन नदीच्या गाळाची आहे, म्हणून त्यावर लाकडी सोट ठोकून पाया घेतला. पाण्याखाली राहिलेलं लाकूड कुजत नाही, ते अजून तसंच आहे. आणि आईसाठी, त्याच तळघरात रोमन लोकांची मासळी खारवायची कुंडं. आई, दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या बायाबापड्या तुझ्यासारखंच मासळीला मीठ लावत होत्या! आजही जुन्या दुकानांत खारवलेला सुका बाकाल्याव नावाचा मासा फळ्यांसारखा रचून ठेवलेला असतो. दुकानात शिरलं की वसईच्या सुकटबाजाराचा वास येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी तिथेच थोडा वेळ उभी राहिले होते.

आता चढाचं. शियादो ही वरची पेठ आहे, पण तिथे पायी चढायचंच नाही. बायशा-शियादो मेट्रो स्टेशनाचं एक दार खाली आहे आणि दुसरं वर. मध्ये सरकते जिने, एकामागून एक. आईला सरकत्या जिन्याची भीती वाटते ते ठाऊक आहे, मी पुढे उभी राहीन, बाबा मागे. वर आलं की पाच-सात मिनिटं सावकाश चालून कार्मोचं जुनं चर्च. भूकंपात त्याचं छत पडलं. पुढे बांधकाम सुरू केलं, ते अर्ध्यावरच राहिलं. खाली गवत, वर दगडी कमानींच्या नुसत्या फासळ्या आणि मधून निळं आकाश. पहिल्यांदा आत गेले आणि मला वाटलं, अरे, ही तर आपल्या किल्ल्यातली जागा आहे! बाबा दर रविवारी मला सायकलवर पुढे बसवून वसईच्या किल्ल्यात न्यायचे, त्या बिनछपराच्या चर्चमध्ये आम्ही भेळ खायचो. फक्त आपल्याकडे भिंतींत पिंपळ उगवलाय आणि इथे झाडलोट आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी आप्पांनी वसई घेईपर्यंत, तिथले दगड रचणारे आणि इथले दगड रचणारे एकाच राजाचे नोकर होते. दोन्ही जागा बघितलेल्या माणसाला कार्मो वेगळंच दिसतं. तिथे बाकही आहेत.

आल्फामा ही सगळ्यात जुनी वस्ती, खडकावर असल्यामुळे भूकंपात बरीचशी वाचलेली. गल्ल्या अरुंद आणि पायऱ्याच पायऱ्या, त्यामुळे खालून चढून जाणं आपण करायचं नाही. कापडवाल्यांच्या रस्त्यावर एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. ती वरच्या रस्त्याला सोडते, तिथून थोडं चाललं की जुन्या मंडईच्या इमारतीत दुसरी लिफ्ट. त्या दोन लिफ्टनी टेकडीचा मोठा चढ संपतो. मग रिक्षासारखी तीनचाकी मिळते, तीत बसून सांता लुझियाला जायचं. तिथे चर्चच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचं एक चित्र आहे, त्यात नदीकाठचा चौक भूकंपाच्या आधी जसा होता तसा दाखवलाय, राजवाड्यासकट. सकाळी खाली तोच चौक पायाखाली घालायचा आणि संध्याकाळी वर येऊन तो हरवलेला वाडा फरशांवर बघायचा, असा बेत मी केलाय.

शेजारच्या मोरारियात मी भाजीला जाते. आपल्याकडचे, बांगलादेशचे, नेपाळचे दुकानदार तिथे आहेत. कढीपत्ता, तूरडाळ, हिंग सगळं मिळतं. कोथिंबीर तर इथल्या कुठल्याही भाजीवाल्याकडे मिळते, पोर्तुगीज लोक ती आपल्यासारखीच मुठीनं घालतात. त्याच वस्तीतल्या एका बोळात भिंतींवर म्हाताऱ्या माणसांचे फोटो छापलेत. कॅमिला वॉटसन नावाच्या फोटोग्राफरनं तिथल्याच रहिवाशांचे काढून त्यांच्याच गल्लीत लावले. आजी दारात बसलेली, आजोबा टोपी घालून. पण वस्तीत आता पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या खोल्या वाढत चालल्यात, आणि जुन्यांना तिथे राहणं परवडेनासं झालंय. याचं मला फार वाईट वाटतं. मी त्या बोळातून जाते तेव्हा फोटोंना मनातल्या मनात नमस्कार करते.

आई, तू म्हणालीस, "तिथली भाषा कुठं येते मला?" अगं, तुला अर्धं घर येतं. बटाट्याला इथे बताता, पावाला पाव (नाकातून म्हणायचं फक्त), चावीला शाव्ह, साबणाला साबाव, कोबीला कोव्ह, बालदीला बाल्द, लिलावाला लेइलाव. पैसे देण्याला पागार म्हणतात, त्यातूनच आपला पगार आला. पहिल्या आठवड्यात दुकानात बाईंनी विचारलं "पागार?" आणि मला एकदम एक तारखेला बाबा घरी यायचे ते आठवलं.

बेलेंला जायला १५ नंबरची ट्राम, सपाट रस्ता. तिथला मोठा मठ, त्यात वास्को द गामाची कबर, हे तासाभरात होईल. मला तुम्हाला दाखवायच्यात त्या दोन वेगळ्याच गोष्टी. एक, बेलेंच्या बुरुजाच्या बाहेरच्या अंगाला कोरलेलं गेंड्याचं झिजलेलं डोकं. गुजरातच्या सुलतानानं आफोंसो द आल्बुकर्कला दिलेला गेंडा १५१५ साली जहाजातून इथे उतरला होता, युरोपात तेव्हा कुणीच जिवंत गेंडा पाहिला नव्हता. आणि दुसरी, त्याच आल्बुकर्कचा उंच खांबावरचा पुतळा. त्याच्या आफोंसो नावावरून आपला हापूस आला म्हणतात. १५१० मध्ये गोवा घेतला तो हाच, तिथे रक्तही त्यानंच सांडलं. रोसियो चौकात आज जिथे नाट्यगृह आहे तिथे इन्क्विझिशनचा, म्हणजे माणसांना पाखंडी ठरवून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायसभेचा, वाडा होता, आणि १५६० पासून गोव्यात त्याच यंत्रणेनं काय केलं ते बाबांना सांगायला नको. शेजारीच १५०६ च्या ज्यूंच्या कत्तलीचं स्मारक आहे. तिथे आपण दोन मिनिटं थांबू. या शहरावर माझा जीव आहे, पण तेवढं थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

फुटपाथ सगळीकडे लहान लहान पांढऱ्या-काळ्या दगडांचे आहेत. कारागीर बुटक्या स्टुलावर बसतो, दगड तळहातावर घेतो, हातोडीनं दोन-तीन टोले देऊन कड काढतो आणि वाळूत दाबून बसवतो. बघत राहावं. मात्र पावसात ते दगड निसरडे होतात, म्हणून पावसाळी महिने नकोतच. मे महिन्यात या. ऊन सोसवतं, आणि महिनाअखेरीला जाकारांदाची झाडं जांभळी होतात.

आईला होडी आवडते, म्हणून शेवटचा दिवस नदीपलीकडे जायचा ठेवलाय. काइश दु सोद्रेहून काशिल्याशची बोट, दहाएक मिनिटांचं पाणी. बसायला खिडकीशी जागा मिळते. परत येताना सगळं शहर समोर असतं.

तिकिटाचं मी बघते, त्यावर वाद नको. माझ्या घराला लिफ्ट आहे, आणि तुमची खोली आत्तापासून रिकामी केलीय. बाबांच्या डॉक्टरांना विमानप्रवासाचं विचारून घ्या, प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत लिहून मागा. आई, रबरी तळव्याच्या चपला घे, त्या नव्या सँडल नकोत. गोडा मसाला आणशील तेवढा कमीच. आणि बाबा, माळ्यावरच्या ट्रंकेत किल्लारीची तुमची साइट डायरी आहे, निळ्या पुठ्ठ्याची. ती हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका.

शुक्रवारी रात्री तुमच्या नऊ वाजता फोन करते. तोपर्यंत दोघांच्या पासपोर्टच्या तारखा बघून ठेवा.

तुमची
छकुली