‘त्यांना सवय असते’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हल्ली मोबाईल उघडला की तो व्हिडिओ येतोच. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूला घरं, मधे रूळ, रुळाशेजारी स्टुलं टाकून लोक कॉफी पीत बसलेत, मग हॉर्न वाजतो, स्टुलं झटपट आत जातात आणि गाडी नाकासमोरून धडधडत निघून जाते. व्हिएतनाममधल्या हनोईची ही गल्ली. खाली कमेंटमध्ये कुणीतरी काळजी केली की दुसरा कुणीतरी लगेच लिहितो, ‘अहो, त्यांना सवय असते’. मला या एका वाक्याबद्दलच बोलायचंय, कारण माझं लहानपण रुळाला लागून असलेल्या घरात गेलंय आणि ही सवय काय चीज असते ते मला चांगलं माहितीये.

सवय असते, नाही असं नाही. बोलता बोलता गाडी आली की आम्ही वाक्य तिथेच थांबवायचो आणि शेवटचा डबा गेला की पुढच्या शब्दापासून सुरू, पाहुण्यांना वाटायचं ही माणसं अचानक गप्प का झाली. खिडकीची काच कशी थरथरते यावरून मालगाडी की पॅसेंजर ते आम्ही पोरं न बघता सांगायचो. पण ही सगळी सवय कशाची, तर टाइमटेबलची! रोजच्या गाडीची. एकदा भर दुपारी, गाडीची वेळ नसताना, नुसतं इंजिन आलं. मागे डबे नाहीत म्हणजे ती धडधड नाही, काच थरथरली नाही, काहीच नाही. काकू रुळापलीकडच्या तारेवरचे कपडे काढून परत येत होती, हातात एवढा ढीग की समोरचं दिसत नव्हतं. हॉर्न ऐकून ती मागे सरकली आणि एक चादर इंजिनाबरोबर गेली. तीस वर्षं त्या घरात राहिलेली बाई, सवय तिच्याइतकी कुणाला असणार? गाडी लेट असते, स्पेशल सोडलेली असते, दुरुस्तीचं यंत्र येतं, आणि हे काही सवयीला विचारून येत नाही.

दुसरं म्हणजे लोकांना वाटतं ड्रायव्हर बघेल की. बघतो ना, बघण्यापलीकडे बिचारा करणार काय? त्याच्याकडे स्टिअरिंग नसतं. टणक, गुळगुळीत लोखंडी चाक तशाच रुळावर सहज घरंगळतं म्हणून तर एवढं ओझं ओढलं जातं, पण त्याच गुळगुळीतपणामुळे पकड कमी, ब्रेक लावला तरी गाडी सरकत राहते, वेगातली भरलेली मालगाडी थांबायला किलोमीटरच्या वर जाते. गल्लीतली गाडी हळू असते म्हणून बरं, तरी दहा पावलांवर कुणी आलं तर ती थांबत नाही. हॉर्न दाबून पुढे काय होतंय ते नुसतं बघत बसायचं, ही शिक्षा त्या माणसाला रोज. रीलमध्ये तो कधी दिसतच नाही.

न्यूयॉर्कच्या टेन्थ अ‍ॅव्हेन्यूचा किस्सा यासाठीच सांगावासा वाटतो. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मालगाड्या थेट रस्त्यातून जायच्या. राहणारे सगळे तिथलेच, सवयीचेच, तरी इतकी माणसं, त्यात लहान पोरंही, गाडीखाली गेली की रस्त्याचं नावच ‘डेथ अ‍ॅव्हेन्यू’ पडलं. गाडीच्या पुढे घोडेस्वार ठेवलेले असायचे, दिवसा लाल झेंडा आणि रात्री लाल कंदील घेऊन गाडीच्या आधी हा माणूस जायचा. 1934 मध्ये उंचावरची लाइन सुरू झाली, तरी शेवटचा घोडेस्वार 1941 पर्यंत होता. त्या उंच लाइनवर आता हाय लाइन नावाची बाग आहे, तिथे सेल्फी काढा की हवे तेवढे, कोण नाही म्हणतंय.

मला तो घोडेस्वार फार पटतो. प्रत्येक गाडीच्या पुढे, वेळेवरच्या आणि अवेळीच्याही, काहीतरी जायला हवं, माणूस म्हणा, घंटा म्हणा, लाल दिवा म्हणा. थायलंडच्या मेकलाँग बाजारात गाडी यायच्या आधी इशारा होतो, विक्रेते छपरं मिटतात, टोपल्या मागे ओढतात आणि गाडी अगदी सरपटत येते. म्हणजे तिथेही नुसती सवय नाहीये, इशारा आहे आणि वेग मारलेला आहे. हनोईत राहणाऱ्यांपेक्षा बघायला येणारेच जास्त झाले आणि त्यांना तर सवयही नाही, 2019 मध्ये तिथल्या प्रशासनाने कॅफे बंद करायला लावले, 2022 मध्ये परत तेच करावं लागलं.

मग रूळच उचलून दुसरीकडे न्या, असंही कुणी म्हणेल. तेही इतकं सोपं नाही. अमेरिकेत मिशिगन सिटीमध्ये रस्त्याच्या मधोमध विजेची लोकल धावायची, 2022 नंतर तिथे वेगळे दुहेरी रूळ टाकले, गाड्या फास्ट झाल्या, पण जागेसाठी घरं पाडली ती रुळाशेजारचीच. इतकी वर्षं आवाज ज्यांनी सोसला, उठायला त्यांनाच सांगितलं.

तर संपादक महोदय, माझी मागणी छोटीशी आहे. असा फोटो कधी छापलात तर खाली ‘थरारक’, ‘विलोभनीय’ वगैरे लिहू नका. त्याऐवजी एवढं लिहा की डबा रुळापेक्षा दोन्ही बाजूंना बराच बाहेर आलेला असतो आणि फोटोत भिंतीला पाठ टेकून उभ्या असलेल्या मुलीच्या पाठीवरची सॅक भिंत आणि डब्यातल्या जागेच्या हिशोबात धरलेली नसते.

आपली,
रुळाशेजारी वाढलेली एक वाचक