रविवारच्या बैठकीबद्दल

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता सावंतवाडीत, मोती तलावाजवळच्या आपल्या नेहमीच्या जागी जमायचं आहे. विषय : सगळ्यांना वापरता येईल असं डिझाइन आणि त्यातलं करिअर.

विषय का निवडला? परवा एका खानावळीचं मेनूकार्ड केलं. क्रीम कागदावर फिकट राखाडी अक्षरं, मी खूश! एका आजोबांनी ते हात लांब करून धरलं, खिडकीपाशी नेलं आणि शेवटी नातवाला म्हणाले, "तूच वाच." कार्ड पुन्हा छापलं, माझ्या खर्चाने.

• आपलं एक काम छापून आणा. मोबाइलवर दाखवलेलं चालणार नाही.
• कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, आधी तपासा. डब्ल्यूसीएजीच्या (वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष) एए या मधल्या पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१, मोठ्या अक्षरांसाठी ३:१ लागतो.
• ओळखीतल्या एका ज्येष्ठ किंवा दिव्यांग व्यक्तीला सोबत आणा. प्रवासखर्च आणि मानधन गट देईल. लोकांचा वेळ फुकट घ्यायचा नाही. दिव्यांग म्हणजे फक्त व्हीलचेअर नव्हे, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत.
• हॉलच्या पायऱ्या दीड फूट चढतात. १:१२ उताराचा रॅम्प १८ फूट होतो, तो तिथे मावत नाही. म्हणून बैठक अंगणात.
• नवख्यांच्या कामावर बोला, त्यांच्यावर नको.
• यापुढे बिनपगारी इंटर्नशिपची जाहिरात गटावर टाकू नये. टाकल्यास काढली जाईल.

नावं शुक्रवारपर्यंत कळवा, जेवण शाकाहारी की मासे तेही. सोलकढी दोघांनाही आहे.