पाहुण्याच्या अंथरुणात वरची चादर हवीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातील घरगुती निवासांबद्दल आपल्या दैनिकात वेळोवेळी जे छापून येते, त्यात जेवणाचा, समुद्र किती जवळ आहे याचा आणि खोलीच्या भाड्याचा उल्लेख हमखास असतो. पाहुणा ज्यावर अख्खी रात्र काढतो त्या अंथरुणाबद्दल मात्र क्वचितच कोणी लिहिते. दापोली तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचे घर आहे आणि त्यातील तीन खोल्या मी व माझ्या जाऊबाई गेली नऊ वर्षे पर्यटकांना देत आहोत. या नऊ वर्षांनंतर माझे आग्रहाचे म्हणणे एकच आहे. पाहुण्याच्या अंगाला जे जे लागते ते दर पाहुण्यामागे धुता आले पाहिजे आणि जुलै महिन्यातही खडखडीत वाळवता आले पाहिजे. या कसोटीला जे उतरत नाही, ते कितीही देखणे असले तरी पलंगावर घालू नये.

ही कसोटी आम्हाला चुकीतून सापडली. पहिल्या पावसाळ्यात आम्ही प्रत्येक पलंगावर सासूबाईंच्या हातची गोधडी ठेवली होती. जुन्या सुती लुगड्यांचे पाच-सहा थर आणि त्यावर बारीक धावदोरा. पाहुण्यांना त्या गोधड्या फार आवडत. जुलैमध्ये पुण्याहून एक कुटुंब आले, त्यांच्यासोबत सत्तरीच्या आजी होत्या. सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा गोधडी नीट घडी घालून खुर्चीवर ठेवलेली होती आणि आजी स्वतःच्या बॅगेतली साडी पांघरून कुशीवर झोपल्या होत्या. त्यांनी तक्रारीचा शब्दही काढला नाही. मंडळी निघून गेल्यावर मी ती गोधडी नाकाशी धरली. वरचा थर हाताला कोरडा लागत होता, पण आतल्या थरांत ओल तशीच होती, आणि आधीच्या कोणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा नि कुबट ओलीचा असा एक मिळून वास येत होता. दोन दिवस मागच्या पडवीत पंख्याखाली टाकली म्हणजे ती वाळली, असे आम्ही धरून चाललो होतो. आपल्या घरी आलेल्या म्हाताऱ्या बाईला स्वतःची साडी पांघरावी लागली, याचे मला आजही वाईट वाटते.

गोधडी, रग, ब्लँकेट किंवा दुलई दर पाहुण्यामागे धुणे कोणत्याही घराला शक्य नाही, हे मान्यच करायला हवे. म्हणूनच खालच्या चादरीइतकीच वरची चादर आवश्यक आहे. गादीवर एक सुती चादर, तिच्यावर पांघरायला दुसरी सुती चादर आणि पायथ्याशी घडी करून ठेवलेला रग, अशी मांडणी केली की रग अंगाला न लागता चादरीच्या वर राहतो. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात दोन चादरी मिळतात, त्या याच कारणासाठी. रेल्वेच्या ब्लँकेटांच्या धुलाईतील दिरंगाईवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात ताशेरे ओढले होते आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी लोकसभेत दिलेल्या उत्तरात, ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतले जाते व पांघरुणासाठी एक जादा चादर दिली जाते, असे सांगितले होते. रेल्वेला जे उघडपणे सांगावे लागते, ते आपण घरगुती निवासवाल्यांनीही मनाशी कबूल करावे. आमच्या भागातील बहुतेक घरगुती निवासांत आजही खाली एक चादर आणि वर थेट ब्लँकेट असते, आणि ते ब्लँकेट मागच्या पाहुण्यानंतर धुतलेले नाही हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

वरची चादर आम्ही अंथरून ठेवत नाही. इस्त्रीची घडी तशीच उशीशी ठेवतो. घडीच्या रेषा दिसल्या म्हणजे ती धुऊन आलेली आहे हे पाहुण्याला कोणी सांगावे लागत नाही.

गादीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण पैसा तिथेच जास्त वाया जातो. शहरातल्या हॉटेलांचे पाहून आमच्या भागात आठ-आठ इंच जाडीच्या फोमच्या गाद्या आणि खाली सामान ठेवायची पेटी असलेले प्लायवूडचे पलंग आले. आम्हीही एका खोलीत तसा पलंग घेतला. सप्टेंबरात गादी उचलली तेव्हा तिच्या तळाला आणि प्लायवर काळ्या बुरशीचे ठिपके पसरलेले होते. माणसाच्या अंगाची ऊब आणि घाम वरून खाली जातो, खालून हवा खेळत नाही, आणि पावसाळ्यात बाहेरची हवाच इतकी दमट असते की ती ओल निघून जायला वाट उरत नाही. आता तिन्ही खोल्यांत पट्ट्यांचे लाकडी पलंग आहेत, दोन पट्ट्यांमध्ये दोन बोटांची फट ठेवली आहे, आणि वर काथ्याची चार इंची गादी. काथ्यातून हवा खेळते, आणि गादी हलकी असल्यामुळे आम्ही दोघी बायका ती उचलून पावसाच्या उघडिपीत ओटीवर उभी करू शकतो. कापसाची गादी निजायला उत्तम, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती ओल धरते, वजनाला जड होते, आणि तिचा कापूस पिंजून द्यायला पिंजारी आता सहजी मिळत नाही. गादीला जाड मांजरपाटाची चेनवाली खोळ घातली आहे, ती महिन्यातून एकदा निघते. रबरी किंवा प्लास्टिकचे आवरण तान्हे मूल असेल तेवढ्यापुरतेच घालावे, एरवी त्यावर घामाने पाठ भिजते.

चादरीच्या मापाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही आणि मग पाहुणा मध्यरात्री उघड्या गादीवर जागा होतो. गादी ७२ बाय ७८ इंच आणि जाडी ८ इंच असेल तर रुंदीत दोन्ही बाजू धरून ८८ इंच कापड नुसते झाकायलाच लागते. दुकानात सर्रास मिळणारी ९० बाय १०० इंचांची चादर घातली तर खाली खोचायला एका बाजूला जेमतेम एक इंच उरतो, आणि सुती कापड पहिल्या काही धुण्यांत तीन ते पाच टक्के आटते, म्हणजे तोही राहत नाही. अशा गादीला १०८ बाय १०८ इंचांचीच चादर हवी. गादी पातळ घेण्याचे हेही एक कारण आहे. कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली खोचले की चादर सकाळपर्यंत हलत नाही. इलॅस्टिकच्या चादरी आम्ही वापरून पाहिल्या, एका पावसाळ्यात त्यांचे इलॅस्टिक सैल पडले.

धाग्यांची संख्या जितकी जास्त तितकी चादर चांगली, असे दुकानदार सांगतात. चौरस इंचात दोनशे ते तीनशे धाग्यांची साधी सुती चादर आमच्या हवेला पुरेशी आहे. त्याहून दाट विणीची चादर उशिरा वाळते. पूर्ण कृत्रिम धाग्याची चादर तासाभरात वाळते हे खरे, पण ती घाम टिपत नाही आणि मे महिन्यात तिच्यावर झोपणे म्हणजे शिक्षा असते. भर पावसाच्या दोन महिन्यांपुरता मिश्र धागा चालवून घ्यावा, अशी तडजोड आम्ही केली आहे. रंगाबद्दल जाऊबाईंचे नि माझे बरेच दिवस जमत नव्हते. जांभ्याची लाल धूळ पायांबरोबर पलंगापर्यंत येते, म्हणून त्यांना गडद फुलांच्या चादरी हव्या होत्या. माझे म्हणणे असे की अंगाखालची चादर पांढरीच हवी, कारण तिच्यावर डाग पडला की तो आपल्यालाही दिसतो आणि पाहुण्यालाही. शेवटी दाराशी पाय धुवायला नळ आणि काथ्याचे पायपुसणे आले, आणि पांढऱ्या चादरी राहिल्या.

उशीला दोन अभ्रे घालावेत, आतला चेनचा आणि बाहेरचा दर पाहुण्याला बदलायचा. सावरीच्या कापसाची उशी मऊ असते, पण ती धुता येत नाही, ऊनच दाखवावे लागते. पलंगाच्या पायथ्याशी घालतात तो सॅटिनचा पट्टा आणि शोभेच्या उशा आम्ही काढून टाकल्या. प्रवासाच्या कपड्यांनिशी त्यांवर सगळे बसतात आणि धूत मात्र कोणीच नाही.

खरी अडचण वाळवण्याची आहे. उन्हाळ्यात दर पलंगामागे चादरींचे तीन संच पुरतात: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. जुलै-ऑगस्टमध्ये पाच संचही अपुरे पडतात, कारण माजघरात दोरीवर टाकलेली सुती चादर तिसऱ्या दिवशीही कोपऱ्याला ओली असते. पावसाळी पर्यटन वाढावे म्हणून सर्वांचेच प्रयत्न चालू असताना प्रत्येक घराने स्वतंत्र वाळवण यंत्र घेणे परवडणारे नाही. महिला बचत गटाने गावाची एक सामाईक धुलाई चालवावी, तिथे मोठे धुण्याचे व वाळवण्याचे यंत्र असावे, आणि घरोघरच्या चादरी नगाच्या हिशेबाने धुऊन, वाळवून, घडी करून मिळाव्यात, असा विचार आमच्या वाडीतील पाच घरांनी केला आहे. मृगाच्या आधी निर्णय करायचा आहे. रायगड, रत्नागिरी वा सिंधुदुर्गातील एखाद्या गटाने असे काही आधीच चालवले असेल, तर त्यांनी आपल्या सदरातून अवश्य लिहावे: यंत्र किती किलोचे घेतले, महिन्याचे वीजबिल किती येते, विहिरीच्या जड पाण्यावर काय उपाय केला, आणि एका चादरीमागे किती दर लावला.

आपली नम्र,
एक घरगुती निवासचालक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी